‘बनवाबनवी’ आवडतोच, पण त्यातल्या खटकणाऱ्या जागांवर धागा कसा काढावा?

पानसुपारी

इथे महिन्याला एक जुना मराठी विनोदी सिनेमा घेऊन धागा काढायचा विचार आहे. पहिला मान अर्थातच ‘अशी ही बनवाबनवी’चा (१९८८): घर मिळावं म्हणून चार मित्रांतले दोघे साडी नेसून बायका होतात, तो. कौतुकाचे धागे ढिगानं आहेत. या वेळी खटकणाऱ्या जागांवरही बोलायचंय: स्त्रीवेषावरचे विनोद, खोटं बोलून मिळवलेलं घर आणि प्रेम, ‘नवऱ्यानं टाकलंय तिला’वर पिकणारा हशा, मधुमेह झालेल्या घरमालकाला घातलेली टोपी.

अशा धाग्यांचं पुढे काय होतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. विसाव्या प्रतिसादाला ‘विनोद आहे, विनोद म्हणून बघा’, तिसाव्याला ‘हे आवडणारे सगळे पुरुषसत्ताक’, पन्नासाव्याला कुणीतरी कलाकारांचं खासगी आयुष्य उकरतं आणि प्रशासक कुलूप लावतात.

म्हणून जाणकारांना तीन प्रश्न:

१. टीका नेमकी कशाच्या आधारावर करायची, म्हणजे ती ‘मला खटकलं’ याच्या पुढे जाईल?
२. ‘त्या काळी असंच होतं’ याला काय उत्तर द्यायचं? की ते बरोबरच आहे?
३. मूळ लेखाची रचना कशी असावी? किती लांब, किती प्रसंग, इशारा वगैरे द्यायचा का?

तिसरी_घंटा

पहिल्या प्रश्नापुरतं.

सिनेमा दोनदा बघा. एकदा नुसता, हसत, वही न घेता. दुसऱ्यांदा वही घेऊन. रील आणि मीमच्या आधारावर लिहिलेली टीका पहिल्याच प्रतिसादात आडवी होते, कारण या सिनेमाच्या चाहत्यांना संवाद पाठ असतात. शिवाय रीलमध्ये संवादाच्या मागचे-पुढचे दहा सेकंद उडवलेले असतात. विनोद कुणावर आहे हे बऱ्याचदा त्याच दहा सेकंदांत ठरतं: वाक्य झाल्यावर कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर जातो, संगीत कुठे वाजतं, पुढचं पात्र ते वाक्य झेलतं की सोडून देतं.

वहीत पाच रकाने आखा. वेळ (तास, मिनिट, सेकंद). कोण कुणाशी बोलतंय. त्या क्षणी खरं काय ते कुणाकुणाला माहीत आहे. हसू नेमकं कशावर येतं. आणि किंमत कोण मोजतं. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवणं फार गरजेचं आहे, कारण हसू एकावर आणि भुर्दंड दुसऱ्याला असं फार्समध्ये सर्रास असतं. कुठली प्रत पाहिली तेही लिहा. यूट्यूबवरची आणि टीव्हीवरची प्रत यांच्या वेळा जुळत नाहीत, टीव्हीवर कापाकापी असते, आणि मग ‘असा प्रसंगच नाही’ यावर पंधरा प्रतिसाद वाया जातात.

आता दोन प्रसंग शेजारी ठेवून बघू.

विश्वासराव सरपोतदारांना (सुधीर जोशी) इस्राईलच्या औषधाच्या नावाखाली सत्तर रुपयांना टोपी घातली जाते. कागदावर हे ‘आजारी माणसाची फसवणूक’ असं दिसतं. रकाने भरले की चित्र बदलतं. सरपोतदार घरमालक आहेत, धनंजय (अशोक सराफ) भाडेकरू. कुणाला कधी घराबाहेर काढायचं ते ठरवणारा माणूस फसतोय. मधुमेह ही फक्त कडी, दार उघडायला. हसू त्याच्या दुखण्यावर नाही, नंतर बुडालेल्या सत्तर रुपयांवर आहे. माझ्या मते ही जागा टीकेच्या यादीतून काढून टाकावी. यादी लांबवण्यासाठी कच्चे मुद्दे घातले की पक्के मुद्देही त्यांच्याबरोबर वाहून जातात.

‘नवऱ्यानं टाकलंय तिला’ मात्र यादीत हवंच. थाप उघडी पडायची वेळ आली की धनंजय हे वाक्य फेकतो आणि प्रश्न तिथेच संपतो. का टाकलं, कधी टाकलं, आता ती जगते कशावर, कुणी विचारत नाही. थाप पचते ती त्यामुळेच. ‘टाकलेली’ म्हटलं की समोरच्यानं चुकचुकून गप्प व्हायचं, हा शिरस्ता पडद्यावरच्या पात्राला माहीत आहे आणि थेटरातल्या प्रेक्षकालाही. आता हसू सराफांच्या टायमिंगवर आहे, की समाजाच्या त्या तोंड फिरवण्यावर, की टाकलेल्या बाईवर? पहिली दोन वाचनं करता येतात. तिसरं टाळण्यासाठी सिनेमानं काही केलंय का, हा खरा प्रश्न. धाग्यात तो असाच विचारा. निकाल देऊन सुरुवात केलीत तर लोक प्रसंगावर बोलणार नाहीत, तुमच्यावर बोलतील.

थोडक्यात, ‘दाखवलंय’ आणि ‘पाठीशी घातलंय’ यांत गल्लत नको. चार पुरुष खोटं बोलतात हे दाखवणं म्हणजे खोट्याचा पुरस्कार नव्हे. पाठीशी घातलंय म्हणायचं असेल तर पुरावा द्या: कुणी विरोध केला का, त्या विरोधाला वजन दिलं का, की विरोध करणारीलाच हास्यास्पद केलं.

उगाच_आपलं

धन्य. वसंत सबनीसांच्या संवादांना आता रकाने पाडा.

अहो, फार्स नावाचा प्रकार असतो. एक थाप झाकायला दुसरी, दुसरी झाकायला तिसरी, आणि दारं इतक्या वेगानं उघडझाप करायची की प्रेक्षकाला नीती आठवायला वेळ मिळू नये. हा त्या प्रकाराचा नियम आहे. फार्समधल्या पात्राला ‘संमती घेतलीस का’ विचारणं म्हणजे तमाशातल्या गवळणीत मावशीला आधार कार्ड मागणं. वास्तववादी नाटकाची फूटपट्टी इथे लावली की शिल्लक काहीच राहत नाही, ‘मोरूची मावशी’ही नाही आणि तिचं मूळ असलेलं १८९२ चं इंग्रजी नाटकही नाही.

आणि स्त्रीवेषाचं म्हणाल तर ज्या रंगभूमीनं बालगंधर्वांचं शालू-शेले नेसलेलं रूप डोक्यावर घेतलं, तिला पुरुषानं साडी नेसण्यात काही वावगं वाटायचं कारण नाही.

तिसरी_घंटा

@उगाच_आपलं, फार्सबद्दल शंभर टक्के मान्य. उलट तोच माझा मुद्दा आहे. फार्सला काही समजावून सांगायला वेळ नसतो, म्हणून तो प्रेक्षकाच्या डोक्यात आधीच बसलेल्या गृहीतकांवर धावतो. एकट्या पुरुषांना घर मिळणार नाही, जोडपं म्हटलं की मिळेल, बाई पोटुशी आहे म्हटलं की सगळं माफ, टाकलेली म्हटलं की प्रश्न बंद. यातलं एकही गृहीतक सिनेमा सिद्ध करत बसत नाही, कारण आपण ते घरून घेऊन आलेलो असतो. म्हणून एखाद्या काळाचा समाज बघायचा तर गंभीर सिनेमापेक्षा फार्स उपयोगी. टीका सबनीसांवर नाही, त्या गृहीतकांवर आहे. आणि पहिलं गृहीतक घ्या: नव्या घरमालकीण लीलाबाई काळभोरांची (नयनतारा) ‘फक्त जोडप्यांनाच’ ही अट पुण्यातल्या सोसायट्यांत आजही ऐकू येते. तिथे सिनेमा भाडेकरूंच्या बाजूनं उभा आहे आणि बोचरा आहे, हेही धाग्यात आलं पाहिजे.

स्त्रीवेषाबद्दल: बालगंधर्वांचं उदाहरण इथे पुरत नाही. तिथे पुरुष स्त्रीपात्र करतो, पण नाटकाच्या आत ती स्त्रीच असते. इथे नाटकाच्या आत तो पुरुषच आहे आणि बायकांना ते माहीत नाही. विनोद दोन तऱ्हेचे आहेत, ते वेगवेगळे मोजा. एक, पुरुषाला साडी, चाल, आवाज सांभाळता येत नाही. लक्ष्मीकांत बेर्ड्यांच्या पार्वतीत हे भरपूर आहे आणि त्यात फजिती पुरुषाची होते. सचिनची सुधा त्या मानानं सरळ, नीटनेटकी रंगवलेली आहे. दोन, तोच पुरुष बायकांच्या खासगी गप्पांत, घरगुती मोकळेपणात शिरतो. पहिली तऱ्हा निरुपद्रवी म्हणता येईल. दुसरीत बायका भाबडेपणानं जे देतात त्यावर हसू उभं आहे.

‘कुणीतरी येणार येणार गं’ पुन्हा बघा. डोहाळजेवण, फुलांचे दागिने, जमलेल्या बायका. आपुलकी खरी, गर्भ खोटा. गाणं इतकं गोड आहे की यात कुणी फसतंय हेच विसरायला होतं. एका गाण्यावर अख्खा धागा होईल.

जुनी_कात्रणं

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ‘त्या काळी असंच होतं’ हे वाक्य तपासता येतं, म्हणून त्यावर चिडू नका, तपासा. ‘त्या काळी’ म्हणजे कोण? सगळेच?

१९८८ सालचंच बघा. त्याच वर्षी संगमनेरला समता आंदोलनानं परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरवली होती. टाकलेल्या बायका स्वतः व्यासपीठावर येऊन पोटगी, घर, रेशनकार्ड याबद्दल बोलत होत्या. त्याआधी १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ हे कलम आलं, आणि त्याच सुमारास ‘मुलगी झाली हो’ या स्त्रीमुक्तीच्या नाटकाचे प्रयोग महाराष्ट्रभर सुरू होते. १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ हे स्त्रियांच्या प्रश्नांवरचं मासिक निघालं. म्हणजे त्याच महाराष्ट्रात, त्याच वर्षी, थेटरात या वाक्यावर हशा होता आणि संगमनेरात त्याच प्रश्नावर परिषद. ‘तेव्हा कुणालाच खटकत नव्हतं’ हे विधान त्यामुळे टिकत नाही. पण त्यावरून ‘सिनेमावाल्यांनी मुद्दाम केलं’ असंही निघत नाही. मुख्य प्रवाहातल्या विनोदापर्यंत ती चळवळ पोचली नव्हती, एवढंच म्हणता येतं, आणि तेवढंच म्हणा.

दुसरी तपासणी त्याहून सोपी आणि कुणीच करत नाही. ‘बनवाबनवी’ची गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून (१९६६) घेतलेली आहे. दोन्ही सिनेमे शेजारी लावा आणि प्रत्येक खटकणाऱ्या जागेपुढे ‘मूळचं’, ‘बदललेलं’ किंवा ‘नवीन’ असं लिहा. जे मूळचं आहे त्याची जबाबदारी वेगळी, जे १९८८ मध्ये घातलं त्याची वेगळी. आणि मराठीत येताना काही गाळलं असेल तर तेही लिहा. गाळणं हासुद्धा निर्णय असतो.

तिसरं, तेव्हाची परीक्षणं. सिनेमा सप्टेंबर १९८८ चा. सप्टेंबर ते डिसेंबर १९८८ ची मराठी दैनिकं आणि साप्ताहिकं जुन्या ग्रंथालयांत बघायला मिळतात. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हच्या ग्रंथालयात कात्रणं, पुस्तिका, जाहिराती असतात. आधी फोन करून जा, आणि सिनेमाचं नाव, वर्ष, दिग्दर्शक, निर्माता एका कागदावर लिहून न्या, शोधणाऱ्याचं काम सोपं होतं. जाहिरात मिळाली तर सोडू नका. सिनेमा कशावर विकला जात होता, स्त्रीवेषावर की चौकडीवर, ते परीक्षणापेक्षा जाहिरातीत जास्त स्वच्छ दिसतं.

एक सावधगिरी. आजच्या मुलाखतींत कलाकार जे आठवून सांगतात ते १९८८ चा पुरावा म्हणून वापरू नका. ती आजची आठवण आहे.

निळी_शाई

इशाऱ्याबद्दल. फॅनफिक्शनवाल्यांनी (आवडत्या पुस्तक-सिनेमांतली पात्रं घेऊन स्वतःच्या कथा लिहिणाऱ्या चाहत्यांनी) या प्रश्नावर पंधरा-वीस वर्षं डोकेफोड केलेली आहे, ती आयती वापरा.

‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ (एओथ्री) ही चाहत्यांनी चालवलेली कथांची साइट २००९ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिथे कथा टाकताना इशाऱ्यांच्या यादीतून काहीतरी निवडावंच लागतं. मुख्य इशारे चारच: हिंसेचं तपशीलवार चित्रण, प्रमुख पात्राचा मृत्यू, बलात्कार किंवा असंमत संबंध, अल्पवयीनांचे लैंगिक संबंध. शिवाय ‘यातलं काही लागू नाही’ आणि ‘लेखकानं इशारा न देण्याचं ठरवलंय’ हे दोन पर्याय. गंमत या शेवटच्या पर्यायात आहे. लेखकाला कथानक फोडायचं नसेल तर तो हे निवडतो, आणि वाचकानं स्वतःच्या जबाबदारीवर आत शिरायचं. बाकी हजार गोष्टींसाठी मोकळ्या खुणा लावता येतात.

यातून उचलायचं ते असं की इशारा म्हणजे निकाल नव्हे. ‘या लेखात परित्यक्ता स्त्रियांवरच्या विनोदाची आणि वेषांतरातून झालेल्या फसवणुकीची चर्चा आहे, कथानक पूर्ण उघड केलंय’ एवढं एका ओळीत पुरे. ‘सावधान, स्त्रीद्वेष्टा सिनेमा’ हा इशारा नाही, तो लेखाचा निष्कर्ष झाला. तो इशाऱ्यात टाकलात की पुढे वाचणार कोण?

हे सगळं त्यांनी का उभारलं तेही सांगते, कारण चूक कुठे होते ते त्यात दिसतं. मे २००७ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटनं तक्रारींवरून एका झटक्यात शेकडो खाती बंद केली. खात्यांच्या ‘आवडी’च्या यादीत आक्षेपार्ह शब्द आहेत का, एवढंच बघितलं गेलं. त्यात अत्याचारातून वाचलेल्यांचे आधारगटही गेले आणि ‘लोलिता’ कादंबरीवर स्पॅनिशमध्ये चर्चा करणारा वाचनगटही. विषयाचं नाव घेणं आणि विषयाचा पुरस्कार करणं, यंत्राला दोन्ही सारखंच. पानसुपारी, तुमच्या धाग्याची तक्रार झाली तर प्रशासकांसमोर हीच अडचण येणार, म्हणून पहिल्या परिच्छेदातच हेतू स्पष्ट लिहा.

दुसरी चूक २००९ सालची. विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या चाहत्यांत वंशभेदावरून महिनोन्‌महिने वाद झाला, ‘रेसफेल’ म्हणतात त्याला. सुरुवात ‘परक्या संस्कृतीतली पात्रं कशी लिहावीत’ या रास्त प्रश्नावरून झाली होती. पुढे पुस्तकं बाजूला पडली आणि माणसं रडारवर आली. टोपणनावानं लिहिणाऱ्यांची खरी ओळख उघड करण्यापर्यंत मजल गेली. कितीही पेटलात तरी समोरच्याच्या टोपणनावामागे जायचं नाही, हा नियम धाग्याच्या सुरुवातीलाच घाला.

चित्रकथी

आणखी एक गल्लत नेहमी होते. चार वेगवेगळ्या मागण्या एकाच सुरात केल्या जातात: टीका करा, इशारा द्या, बदला, बंद करा. टीका करणारा पहिलीच मागणी करत असतो. ऐकणाऱ्याला चौथी ऐकू येते.

आपल्याकडे त्याला कारणही आहे. १९७२ च्या डिसेंबरात ‘घाशीराम कोतवाल’ आलं, वाद पेटला, ते करणाऱ्या पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या पुण्याच्या नाट्यसंस्थेनं प्रयोग थांबवले आणि मग थिएटर अकॅडमी उभी राहून ते पुन्हा सुरू झालं. हा इतिहास माहीत असलेला माणूस ‘खटकतं’ शब्द ऐकला की बंदीच्या भीतीनं आधीच अंगावर येतो. म्हणून ‘हा सिनेमा दाखवू नये असं म्हणणं नाही’ हे वाक्य घिसंपिटं वाटलं तरी एकदा लिहाच.

‘बदला’ या मागणीबद्दल थोडं विस्तारानं, कारण ‘तो संवाद कापून टाका’ म्हणणारा एकजण तुमच्या धाग्यावर येणारच आहे.

टिनटिन या चित्रकथेतल्या बातमीदार पोराचं काँगोतलं साहस बघा. १९३०-३१ मध्ये बेल्जियमच्या एका वर्तमानपत्राच्या मुलांच्या पुरवणीत ते क्रमशः आलं. काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहत. त्यात टिनटिन आफ्रिकन मुलांना वर्गात ‘तुमचा देश बेल्जियम’ शिकवतो. १९४६ मध्ये रंगीत आवृत्तीसाठी त्याचा चित्रकार-लेखक एर्जेनं सगळं नव्यानं काढलं तेव्हा तो भूगोलाचा तास बेरजेचा तास झाला. पुढे १९७५ मध्ये स्कँडिनेव्हियन प्रकाशकांच्या आग्रहावरून गेंड्याला सुरुंगानं उडवणारं पानही बदललं. मग २००७ मध्ये ब्रिटनमध्ये वंशसमतेच्या आयोगानं पुस्तकावर जाहीर आक्षेप घेतला, एका मोठ्या पुस्तकसाखळीनं ते मुलांच्या कपाटातून मोठ्यांच्या विभागात हलवलं. बेल्जियममध्ये एका काँगोली नागरिकानं खटला भरला, २०१२ मध्ये ब्रसेल्सच्या न्यायालयानं तो फेटाळला. आता मजा बघा: बेरजेचा तास घातला तरी चित्रातली माणसं तशीच राहिली, जाड ओठांची, भाबडी, गोऱ्या मुलाला देव मानणारी. वाक्य काढता येतं. दृष्टी प्रत्येक चौकटीत भिनलेली असते. ती काढायची तर पुस्तकच उरत नाही.

म्हणून टिनटिनवर टीका करताना आवृत्ती सांगितल्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. १९४६ ची प्रत वाचणारा आणि १९३१ ची वाचणारा दोघे वेगवेगळ्या पुस्तकांवर भांडत असतात.

मुलांसाठी लिहिणाऱ्या इंग्रजी लेखक रोआल्ड डालचंही तसंच. फेब्रुवारी २०२३ मध्ये पफिन प्रकाशनानं त्यांच्या पुस्तकांत शेकडो बदल केल्याचं उघड झालं (‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’तला ‘जाड’ ऑगस्टस ग्लूप ‘प्रचंड’ झाला, म्हणजे काय साधलं देव जाणे), गदारोळ झाला, आणि त्याच महिन्यात मूळ पाठही छापत राहू असं प्रकाशकाला जाहीर करावं लागलं. पण त्याच चॉकलेटच्या कारखान्यातले मजूर, ऊम्पा-लूम्पा, १९६४ च्या पहिल्या आवृत्तीत आफ्रिकेतून आणलेले बुटके होते, आणि टीकेनंतर डालनं स्वतः ते १९७३ च्या आवृत्तीत बदलले. लेखकानं हयातीत टीका ऐकून केलेला बदल आणि मरणोत्तर प्रकाशकानं केलेली डागडुजी, माझ्या लेखी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली चर्चेचं फळ आहे, दुसरी चर्चा टाळण्याची युक्ती.

सिनेमातून वाक्य कापलं तर त्यावर बोलायलाच काही उरणार नाही. ते राहू द्या आणि त्यावर बोला.

पानसुपारी

सगळ्यांचे आभार, वही आखली आहे. सरपोतदारांचा मुद्दा यादीतून काढला. तिसऱ्या प्रश्नाची ठोस उत्तरं अजून हवी आहेत: लांबी, प्रसंगांची संख्या, आणि धागा हातातून सुटायला लागला तर काय?

प्रशासक-२

मूळ लेख ६०० ते ८०० शब्द. हजाराच्या पुढे गेला की लोक शीर्षक वाचून प्रतिसाद देतात.

प्रसंग तीनच घ्या, आणि त्यांतला एक सिनेमाच्या बाजूनं जाणारा असू द्या. भाडेकरूंचा मुद्दा किंवा सरपोतदार त्या कामाला येतील. यादीतून काढलेलं इथे वापरा: ‘हे पहिल्यांदा खटकलं, तपासल्यावर पटलं नाही’ असं लिहिलं की तुम्ही चाकू परजून आलेला नाहीत हे लोकांना दिसतं. सात-आठ प्रसंग दिलेत तर प्रत्येकजण आपल्याला सोपा पडणारा एक उचलतो, त्याचाच चोथा करतो आणि अवघड प्रसंगाला कुणी हात लावत नाही.

शीर्षकात प्रश्नचिन्ह चालेल, विशेषण नको. ‘बनवाबनवीतली फसवणूक: किंमत कोण मोजतं?’ चालेल. ‘बनवाबनवी: एक प्रॉब्लेमॅटिक सिनेमा’ याला आम्ही कुलूप लावणार नाही, पण दहाव्या प्रतिसादालाच लावावं लागेल अशी सोय तुम्ही केलेली असेल.

संवाद दोन ओळींच्या वर उतरवू नका. क्लिप जोडायची तर आधीचा-नंतरचा अर्धा मिनिट धरून जोडा, वरून हसरे चेहरे किंवा संगीत चिकटवलेली नको.

पहिल्या प्रतिसादाची जागा स्वतःसाठी राखून ठेवा. तिथे वेळांचा तक्ता आणि कुठली प्रत पाहिली ते टाका. नंतर भर घालायची तर तिथेच घाला, मूळ लेख गुपचूप बदलू नका. लोकांनी ज्या वाक्याला उत्तर दिलं ते वाक्यच गायब झालं की विश्वास संपतो. बदल केलाच तर तारीख घालून खाली ‘संपादन’ असं लिहा.

आमच्याकडून: कलाकारांच्या खासगी आयुष्यावरचा प्रतिसाद सरळ उडेल, समज न देता. पात्र आणि नट यांत फरक करत नसलेल्या प्रतिसादाला एकदा समज. ‘तुमच्यासारख्या लोकांना’ असं सुरू होणारं वाक्य दिसलं की आम्ही लिहिणाऱ्याला व्यक्तिगत निरोप करतो, धाग्यावर दटावत नाही, कारण चारचौघांत दटावलं की माणूस माघार घेत नाही. एका तासात एकाच दोघांचे दहाच्या वर प्रतिसाद झाले तर धागा रात्रभर बंद ठेवून सकाळी उघडतो. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

आणि तुम्ही स्वतः: पहिल्या दिवशी प्रत्येकाला उत्तर देऊ नका. दिवसातून दोनदा बसा, चार-पाच प्रतिसादांना मिळून एक उत्तर द्या. धागाकर्ता दर दोन मिनिटांनी खिंड लढवायला लागला की चर्चा त्याच्याशीच होते, एकमेकांशी होत नाही.

उगाच_आपलं

तक्ता टाकाल तेव्हा अजून एक रकाना घाला: तो विनोद खोटं उघडं पडायच्या किती आधी येतो. फार्समध्ये सुरुवातीच्या थापा पात्र हौसेनं मारतं, शेवटच्या नाइलाजानं. दोन्हींना एकाच तागडीत घालू नका. (रकान्यांना विरोध मागे घेतलेला नाही. पाडणारच आहात तर नीट पाडा, एवढंच.)

निळी_शाई

@उगाच_आपलं, हा रकाना झकास आहे.

पानसुपारी, एक सूचना राहिली होती. फॅनफिक्शनवाले टीका नेहमी लेखातून करत नाहीत, पुन्हा लिहून करतात. हॅरी पॉटरमध्ये घरकामाच्या एल्फांची गुलामी त्यांना स्वतःलाच हवी असते, आणि हर्मायनीची त्याविरुद्धची मोहीम चेष्टेचा विषय होते. अनेक चाहत्यांना ते पटलं नाही, तेव्हा त्यांनी तीच गोष्ट एल्फांच्या बाजूनं लिहून काढली. तुमच्या धाग्याच्या दुसऱ्या आठवड्यात, भांडणं निवली की, असा खेळ ठेवा: ३०० शब्दांत, डोहाळजेवणाचा दिवस, लीलाबाईंच्या तोंडून. अटी दोन. सिनेमातलं काही बदलायचं नाही, आणि लीलाबाईंना त्या क्षणी जे माहीत आहे तेवढंच त्यांना माहीत असायला हवं. शिवाय विनोदी हवं. गंभीर करून रडवणं सोपं आहे, लीलाबाईंच्या बाजूनं हसवून दाखवा.

तिसरी_घंटा

+१. पण शब्दमर्यादा ५०० करा. ३०० शब्दांत ओटी भरूनसुद्धा होणार नाही.